निळ्या मिरच्यांचं पाकीट

आप्पांचा जन्म नंदुरबारच्या मिरची बाजारात गेला. आता ते आमच्याकडे पुण्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत असतात. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. "खिडकीत मिरचीचं एक रोप लाव," एवढंच ते म्हणाले होते.

ऑक्टोबरात मोबाइलवर जाहिरात दिसली. निळ्या, जांभळ्या मिरच्यांचं बी, 1000 वॅटचा दिवा आणि फळधारणेचं टॉनिक, सगळं 2,499 रुपयांत. उन्हाशिवाय 45 दिवसांत मिरच्या! मी लगेच पैसे पाठवले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. मिरची पेरल्यापासून फळाला यायला तीन महिने तरी लागतात, हे आप्पांना विचारलं असतं तर कळलं असतं. पण मला त्यांना चकित करायचं होतं.

पाकिटावर ना जातीचं नाव, ना लॉट नंबर, ना तपासणीची तारीख. वीस बिया पेरल्या, तीन उगवल्या. बियाण्याच्या मानकांनुसार मिरचीची उगवण किमान 60 टक्के हवी. त्या तिनांतलं एक रोप थोडं मोठं झाल्यावर आप्पांनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही लव बघ. हे वांगं आहे." मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नाही, तरी बोटांना कळलं.

उरलेली दोन रोपं काडीसारखी उंच होऊन खिडकीकडे झुकली. शेजारच्या वायरमनने दिव्याला मीटर लावला. 1000 वॅटचा म्हणून घेतलेला दिवा जेमतेम 18 वॅट घेत होता. टॉनिक घातलं की पानं गर्द हिरवी व्हायची, फुलं मात्र येत नव्हती. नत्र जास्त झालं की मिरची अशीच नुसती माजते.

फेब्रुवारीत शेवटी फुलं आली आणि देठासकट गळली. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, फूलगळ थांबवणारं औषध 600 रुपयांना घ्या. मी घेतलं नाही, पैसे परत मागितले. त्याने मला ब्लॉक केलं.

औषधाची गरजच नव्हती. मिरचीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण बंद खोलीत वारा नसल्यामुळे पराग हलत नाही. आप्पा रोज सकाळी फुलांच्या देठावर हलकेच टिचकी मारू लागले. टॉनिक बंद केलं, चांगला दिवा आणून तो रोपावर फूटभर उंचीवर रोज चौदा तास लावला. एप्रिलमध्ये अकरा मिरच्या धरल्या, सगळ्या साध्या हिरव्या. जांभळी मिरची असते, पण तीही पिकली की बहुधा लालच होते. जाहिरातीतल्यासारखी लखलखीत निळी मिरची मात्र जगात कुठेच नाही, फोटोला रंग दिलेला असतो.

असं काही घेणार असाल तर आधी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. विक्रेत्याचं नाव आणि पूर्ण पत्ता बघा, ऑनलाइन विकणाऱ्याला तो द्यावाच लागतो. माझ्याकडे फक्त एक मोबाइल नंबर होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. निळ्या मिरच्यांचा फोटो तोच, दुकानाचं नाव नवीन, किंमत 1,999.