कोल्हापुरात राजारामपुरीतला ‘द माल्टीज फाल्कन’चा खेळ: सिनेमा अव्वल, पडदा काठावर पास

१९४१ चा हा डिटेक्टिव्हपट छोट्या हॉलमध्ये, प्रोजेक्टरवर दाखवला. निवड झकास. खेळाआधी हातात दिलेलं श्रेयनामावलीचं पान तर जपून ठेवावं असं. जॉन ह्यूस्टनचं दिग्दर्शक म्हणून हे पदार्पण. पटकथाही त्याचीच, डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरून. नायक डिटेक्टिव्ह सॅम स्पेडची भूमिका जॉर्ज राफ्टनं नाकारली म्हणून हम्फ्री बोगार्टला मिळाली. सिडनी ग्रीनस्ट्रीट साठी ओलांडून पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आला, हे पडद्यावर बघून पटत नाही! पानावर एक नाव मात्र हवं होतं. पुडकं घेऊन दारात कोसळणारा कप्तान म्हणजे दिग्दर्शकाचे वडील वॉल्टर ह्यूस्टन. मूळ श्रेयनामावलीतही ते नाहीत.

आता तक्रार. मूळचं साधारण ४:३ (रुंदी:उंची) चित्र ताणून १६:९ केलं होतं. कॅमेरामन आर्थर एडेसननं कॅमेरा खाली ठेवून ग्रीनस्ट्रीटचं पोट फ्रेमभर केलंय, डोक्यावर छतही दिसतं. ताणल्यावर सगळेच जाडे दिसतात, मग त्या कोनाची मजा काय राहिली? प्रोजेक्टरच्या मेनूत ॲस्पेक्ट (हेच प्रमाण) ४:३ करायचा; दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, येऊ द्यात. ‘डायनॅमिक’ मोडऐवजी ‘सिनेमा’ घ्या, नाहीतर पांढरे शर्ट फटफटीत होतात नि सावल्यांतले बारकावे जातात. दाराच्या फटीतला उजेडही अडवा, काळा रंग करडा पडतो.

१९२९ साली ‘प्रभात’ जिथं सुरू झाली, त्या कोल्हापुरात एवढी अपेक्षा ठेवणारच की. आवाज स्वच्छ, सबटायटल वेळेवर. पुढच्या खेळाला जा, पण मधल्या रांगेत बसा.