लेझर स्पेकलवरून विस्थापन मोजायचंय? पद्धत निवडण्यापूर्वी

खडबडीत पृष्ठभागावर लेझर पाडला की उजळ-काळ्या दाण्यांची नक्षी, म्हणजे स्पेकल, दिसते. पृष्ठभाग सरकला की दाणे सरकतात, आणि ते किती सरकले हे संगणकाला विचारायचं. प्रश्न सोपा वाटतो. पण हे दाणे रंगाच्या शिंतोड्यांसारखे पृष्ठभागाला चिकटलेले नसतात. पृष्ठभाग थोडा तिरपा झाला किंवा फिरला तरी नक्षीच हळूहळू बदलते. म्हणून माझ्या मते पद्धतीची खरी परीक्षा एकच: बदलत चाललेल्या नक्षीत ती किती वेळ तग धरते?

या परीक्षेत एफएफटीवर (चित्राला झटपट वारंवारतांमध्ये मोडणारं गणित) आधारलेलं क्रॉस-कोरिलेशन, म्हणजे दोन चित्रं एकमेकांवर सरकवून कुठे सर्वाधिक जुळतात हे पाहणं, चांगलं टिकतं. सरकण्याआधीच्या आणि नंतरच्या चित्रांतून 32 किंवा 64 पिक्सेलची चौकोनी खिडकी घ्यायची, कोरिलेशनचं शिखर शोधायचं आणि शेजारच्या बिंदूंवर पॅराबोला बसवून पिक्सेलचा अपूर्णांक काढायचा. काम झटपट होतं आणि गोंगाट (चित्रातले यादृच्छिक चढउतार) बराच खपतो. मर्यादा दोन. सरकणं खिडकीच्या साधारण पावपटीत राहिलं पाहिजे, आणि संपूर्ण खिडकी एकसारखीच सरकली हे गृहीत असतं. पृष्ठभाग ताणला गेला किंवा काही अंश फिरला की शिखर बसकं होतं.

फेज कोरिलेशनचं, म्हणजे वारंवारतांची ताकद सोडून फक्त त्यांची फेज (लहरीची सरक) जुळवणाऱ्या पद्धतीचं, शिखर अधिक टोकदार, आणि असमान उजेडाचा त्रासही कमी. मात्र त्यात गोंगाटाच्या वारंवारतांनाही सिग्नलइतकंच वजन मिळतं, त्यामुळे नक्षी बिघडू लागली की शिखर लवकर हरवतं. निव्वळ सरकण्यासाठी ठीक, एवढंच.

विकृती, म्हणजे स्ट्रेन, मोजायची असेल तर आयसी-जीएन (इन्व्हर्स कंपोझिशनल गॉस-न्यूटन, अंदाज पायरीपायरीने सुधारणारी पद्धत) घ्या. यात खिडकीचं सरकणं, ताणणं आणि तिरकं होणं एकत्र शोधलं जातं. हेसियन (अंदाज कसा सुधारायचा हे ठरवणारा आकड्यांचा तक्ता) मूळ चित्रावरून एकदाच काढायचा असल्याने जुन्या न्यूटन-रॅफसन पद्धतीपेक्षा वेळ बराच वाचतो. चांगल्या चित्रांवर पिक्सेलच्या शंभराव्या भागाच्या आसपास अचूकता मिळू शकते. पण सुरुवातीचा अंदाज चुकला तर उत्तर भलतीकडेच जातं, म्हणून अंदाज एफएफटीकडूनच घ्यावा. इंटरपोलेशन, म्हणजे पिक्सेलांच्या मधल्या जागेची चमक काढणं, बायलिनियर (सरळ रेषेचं) ठेवलं तर एवढी मेहनत वाया, बी-स्प्लाइन (गुळगुळीत वक्रांचं) वापरा.

ऑप्टिकल फ्लोचा, म्हणजे चमकेतल्या बदलावरून प्रत्येक पिक्सेलची हालचाल काढण्याचा, मोह अनेकांना होतो, कारण प्रत्येक पिक्सेलला बाण मिळतो आणि चित्र देखणं दिसतं. लुकास-कनाडे आणि हॉर्न-शुंक या दोन्ही पद्धती 1981 च्या. दोन्ही मानतात की बिंदूची चमक सरकताना बदलत नाही. स्पेकलमध्ये नेमकी तीच बदलते. सरकणं एका दाण्यापेक्षा कमी असेल आणि दोन चित्रांमध्ये वेळ थोडाच गेला असेल तरच मी हिच्या वाटेला जाईन.

पृष्ठभाग कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे-मागे होत असेल तर वरच्या चारही पद्धती जवळजवळ आंधळ्या. तिथे संदर्भ किरण (तुलनेसाठी त्याच लेझरमधून वेगळा काढलेला) लागतो, म्हणजे स्पेकल इंटरफेरोमेट्री. 633 नॅनोमीटर लेझर सरळ पाडला तर दोन किरण मिसळून उमटणारा एक पट्टा सुमारे 0.32 मायक्रोमीटर हालचाल दाखवतो. बदल्यात टेबलाचं कंपन आणि फेज उलगडण्याची (पट्ट्यांवरून सलग हालचाल काढण्याची) डोकेदुखी पदरी येते.

आता पद्धतीइतकीच महत्त्वाची, पण दुर्लक्षित गोष्ट: दाण्याचा आकार. तो साधारण 1.22 × तरंगलांबी × (1 + वर्धन) × एफ-क्रमांक इतका असतो; वर्धन म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, आणि एफ-क्रमांक म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर भागिले तिच्या छिद्राचा व्यास. 633 नॅनोमीटर, वर्धन 0.5 आणि एफ/8 धरले तर 9.3 मायक्रोमीटर. पिक्सेल 5 मायक्रोमीटरचा असेल तर दाणा दोन पिक्सेलही भरत नाही, आणि उत्तरं पूर्णांकाकडे ओढली जातात. एफ/16 केलं की दाणा 3.7 पिक्सेलचा होतो. उजेड मात्र चौथाईवर येतो. असा दोष मागाहून कोणतंही सॉफ्टवेअर नीट भरून काढत नाही.

निर्णय घेण्याआधी वस्तू न हलवता दोन चित्रं घ्या आणि प्रत्येक पद्धतीला विस्थापन विचारा. मग मायक्रोमीटर स्टेजने (स्क्रूने अगदी बारीक सरकणाऱ्या मंचाने) पिक्सेलच्या दहाव्या भागाच्या पावलांनी सरकवून पुन्हा विचारा. पहिल्या चाचणीत गोंगाट कळतो, दुसरीत पूर्णांकांकडची ओढ नागमोडी रेषेसारखी समोर येते. आयसी-जीएन या चाचणीत एफएफटीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही, आणि स्ट्रेनही नको असेल, तर एफएफटीवरच थांबा.