डायनामो गेला, कटआउट गेला आणि 35,270 रुपयेही गेले

हे लिहायला मला चार महिने लागले. लाज, दुसरं काय. घरात मी पंधरा हजार सांगितलेत. खरा आकडा 35,270 आहे, आणि वर म्हणजे मी आयटीआयला वायरमन ट्रेड केलेला माणूस. निम्म्या भावकीच्या घरातलं वायरिंग माझ्या हातचं आहे. त्यामुळे "शिकलेला असून फसलास कसा" हे मला कुणी वेगळं ऐकवायला नको, ते मी रोज दाढी करताना ऐकतो.

ट्रॅक्टर वडिलांचा. 1974 ला सेकंडहँड घेतलेला मॅसी फर्ग्युसन 35, तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन, अजून अर्ध्या सेल्फवर सुटतो. त्या काळच्या इंग्रजी बनावटीप्रमाणे प्लस अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. इंजिनाचं दुखणं नव्हतंच. चार्जिंग बंद पडलं होतं, म्हणजे डायनामो बॅटरी चार्ज करत नव्हता, अँपिअर मीटरचा काटा हलत नव्हता. गावातला ऑटो इलेक्ट्रिकवाला म्हणाला, डायनामो काढून अल्टरनेटर बसवा, समोर एलईडी बार लावा आणि मोकळे व्हा. शहाणा माणूस. पण मला खंडेनवमीच्या पूजेला ट्रॅक्टर वडिलांच्या वेळचा होता तसाच उभा करायचा होता. तेच गोल हेडलाइट, तोच डायनामो, मागं नांगरटीची लाइट.

मग मोबाइलवर जुन्या मालाचा एक व्यापारी सापडला. पुणे जिल्ह्यातला म्हणायचा. बोलणं गोड, "दादा" शिवाय वाक्य नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: ओरिजनल जुना स्टॉक, शेवटचा एकच पीस, दुसरं गिऱ्हाईक लाइनवर आहे. डायनामो 14,500, डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा कटआउट-रेग्युलेटरचा डबा 6,200, हेडलाइटची जोडी 4,800, मागची लाइट 1,700. झाले 27,200. वर ट्रान्सपोर्ट 1,350. आणि एक सवलत: "तुमचा जुना डायनामो आणि डबा पाठवा, 3,000 कमी करतो." मी पाठवला. स्वतःच्या खर्चानं, 420 रुपये भाडं भरून पाठवला. दहा हजार आगाऊ, राहिलेले 15,550 माल निघताना.

आता तो व्हिडिओ. ॲडव्हान्स द्यायच्या आधी मी म्हटलं, चालू डायनामो दाखवा. त्यानं पाठवला. ट्रॅक्टर चालू, दोन्ही हेडलाइट पेटलेले, तो गॅस वाढवतोय, इंजिन गर्जतंय. मी तो व्हिडिओ निदान पंधरा वेळा बघितला आणि पंधराही वेळा डायनामोचा काळा रंग आणि पट्टीवरचं लुकास कंपनीचं नाव बघत बसलो. डायनामोला रेस दिली की लाइट उजळते, हे बैलगाडीतून सायकलवर आलेल्या पोरालाही ठाऊक असतं. सायकलचा डायनामो आपण सगळ्यांनी फिरवलाय. इथं इंजिन ओरडत होतं आणि लाइट तसूभर हलत नव्हती. शिवाय कॅमेरा डॅशवरून जातो तेव्हा अँपिअर मीटर दोन सेकंद दिसतो. काटा मायनसला पडलेला. म्हणजे लाइट बॅटरीवर चाललीय, डायनामो नुसता शोभेला. दोन सेकंद! आजही तो व्हिडिओ मोबाइलमध्ये आहे. काटा दिसतो तिथं थांबवतो आणि स्वतःला शिव्या घालतो. त्याच जागी बॅटरीची काळी, म्हणजे मायनसची वायर बॉडीला गेलेली दिसते, म्हणजे "सेम तुमचंच मॉडेल, काही हात लावलेला नाही" हेही खोटंच.

एक मात्र सांगतो, माल हातात घेऊन बघितला असता तरी पटकन कळलं नसतं. रंग सुरेख होता, पुली मोकळी फिरत होती. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बसवला, लाइट लावली, भक्क उजेड. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आईनं नारळ फोडला. बॅटरी नवीच चार्ज केलेली, उजेड पडणारच. सकाळी सेल्फ मारला तर टक् सुद्धा नाही. बॅटरी 4 व्होल्टवर, डायनामोकडं जाणारी वायर वितळलेली, शेडमध्ये जळका वास.

फोन केला. तर उलट मलाच: "दादा, तुम्ही फ्लॅश मारला नाही. प्लस अर्थला पोलारिटी द्यावी लागते, तुमच्या चुकीनं जळाला." आणि मला खरं वाटलं! कारण नवा डायनामो बसवल्यावर एफ टर्मिनलला क्षणभर करंट दाखवून पोलारिटी द्यावी लागते हे खरंच आहे, आणि घाईत मी ते केलं होतं की नाही हे मलाच आठवेना. दुरुस्तीचे म्हणून आणखी 2,400 पाठवले. त्यानंतर फोन बंद. बॅटरी गेली ती वेगळी, 6,900.

मग डबा उघडला. उघडायचा पहिल्याच दिवशी होता. झाकणाखाली दोन कॉइल असायला हव्यात, एक रेग्युलेटरची, एक कटआउटची. इंजिन बंद झालं की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ नये हे कटआउटचं काम. इथं कॉइल होत्या, पण कटआउटचे पॉइंट तारेनं बांधून एक केलेले. रात्रभर बॅटरी जळक्या आर्मेचरमध्ये, म्हणजे डायनामोच्या आतल्या फिरत्या वाइंडिंगमध्ये, रिकामी होत राहिली. घर पेटलं नाही हे नशीब.

जुना डायनामो घेताना पट्टा काढा, डी आणि एफ टर्मिनल जोडा, बॅटरीची एक वायर तिथं आणि दुसरी बॉडीला. चांगला डायनामो मोटारीसारखा हळूहळू फिरतो. मेलेला फिरत नाही. दोन मिनिटांचं काम. विकणारा व्हिडिओ कॉलवर हे करत नसेल तर फोन ठेवा.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी, "माल मिळाला ना? मग फसवणूक कुठली, हा दिवाणी वाद." दुसऱ्यांदा, "डायनामो म्हणजे पाण्याची मोटार का?" तिसऱ्यांदा म्हणाले, आरोपी तिकडचा, तिकडं जा. गेलो. एसटीनं, एक दिवस मोडून. दिलेल्या पत्त्यावर टायरचं दुकान. तिथल्या ठाण्यात म्हणे, पैसे तुमच्या गावात गेले, तक्रार तिकडंच. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद घ्यायची हे 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात लिहिलेलं आहे, कलम 173. हे मी म्हटलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. चोराला घराची किल्लीही माणूस स्वतःच देतो कधी कधी! 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी पाचव्या दिवशी फोन केला, ती चूक माझी. पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात करा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं खरं. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडं आहे टायरच्या दुकानाचा.

सगळ्यात झोंबलं ते गावातल्या वाइंडरचं बोलणं. मी जुन्या डायनामोची लक्षणं सांगितली. तो म्हणाला, कार्बन, म्हणजे आतले ब्रश, झिजले असतील. नवे टाकायचे, ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर साफ करायचा. दोनशे रुपयांत झालं असतं.

गेल्या महिन्यात एका जाहिरातीत तोच काळा रंग दिसला, "ओरिजनल, चालू कंडिशन, 18,000." फोटो मोठा करून बघितला. तो वडिलांचा डायनामो आहे. स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, असे ढीगभर असतील. नाहीत. मागच्या झाकणाजवळ, कार्बनच्या पट्टीखाली छिन्नीचे तीन टोचे आहेत, तिसरा थोडा तिरका. वडील प्रत्येक सुट्या भागावर तशी खूण करायचे. कुणाला असा डायनामो विकायला दाखवला, तर पैसे देऊ नका, तारखेसकट नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा आणि मला कळवा.