‘वेस्ट मीट्स ईस्ट’ : जुनी एलपी घ्यावी का?
सतारवादक पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांची १९६७ची ही एलपी (लाँग-प्ले तबकडी) जरूर घ्या, पण दुकानात वाजवून. खरा ऐवज पहिल्या बाजूला. तिलंग रागातल्या ‘स्वर-काकली’त व्हायोलिन सतारीचा सवाल झेलतं, तेव्हा अल्लारखाँचा तबला दोघांना अलगद बांधून ठेवतो. मेन्युहिन यांची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) सतारीइतकी लवचीक नाही, पण शिकण्याची तळमळ स्वरास्वरात जाणवते. पूरिया कल्याण हा राग फक्त सतारीचा. तिथे व्हायोलिन शोधू नका. दुसरी बाजू रुमानियन संगीतकार एनेस्कूच्या सोनाटाची, म्हणजे व्हायोलिन-पियानोच्या पाश्चात्त्य रचनेची.

तबकडी डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. वाकलेली किंवा भोक मध्यावर नसलेली असेल तर वेग डळमळतो, तंबोऱ्याचा षड्ज (सा) हेलकावतो. ओरखडे संथ आलापीतच उघडे पडतात. पुसताना मऊ कापड खाचांच्या दिशेनंच फिरवा, आडवं नको.