चीज मॅकरोनीत गोचुजांग
लाल मिरचीचे तिखट, चिकट तांदूळ, आंबवलेले सोयाबीन आणि मीठ एकत्र मुरवून केलेली गोचुजांग ही कोरियन चटणी ५०० ग्रॅमच्या लाल डब्यातून घरी आली, तेव्हा तिची परीक्षा मी नेहमीच्या चीज मॅकरोनीवर घेतली. लोणी-मैद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये ती थेट घातल्यावर गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेस दीड चमचा चटणी कोमट दुधात कालवून घातली आणि सॉस केशरी, एकजीव झाला. आधी गोडसर-आंबूस चव लागते, तिखटपणा मागाहून जाणवतो, आणि चीजचा जडपणा त्यामुळे बराच उतरतो. चटणीत मीठ भरपूर असते, म्हणून वरून घालताना हात आखडता ठेवावा. डब्याचे झाकण मात्र अगदीच ढिले निघाले. शेवटी चटणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवावी लागली.