बाहुलीच्या कपड्यांसाठी घेतलेलं छोटं मशीन : आठ महिन्यांनंतर

भाचीच्या बार्बीचे कपडे शिवायला म्हणून बॅटरीवरचं छोटं शिलाई मशीन ऑनलाइन मागवलं, दीड हजाराला. इवले कपडे, इवलं मशीन, असा माझा हिशोब. तो साफ चुकला.

कारण टाका इवला नाही. तो लहान-मोठा करायची सोयच नाही, कायम तीन मिलिमीटरच्या आसपास. साडेअकरा इंची बाहुलीच्या ब्लाउजवर तो गोधडीचा धावदोरा वाटतो. उलट शिलाई नाही, त्यामुळे प्रत्येक शिवणीच्या टोकाला हाताने गाठ मारा. मलमल तर सुरुवातीलाच सुईखालच्या भोकात ओढली जाते. त्यावर उपाय सापडला : खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवायचं आणि मग ती फाडून काढायची. पॉपलीनवर मात्र बिचारं निमूट चालतं. तीन महिन्यांनी मी आईच्या पायमशीनवर परतले. 9 नंबरची सुई, दीड मिलिमीटरचा टाका, आणि वळण आलं की पाय बाजूला, चाक हाताने.

बाही गोल शिवून जोडायला जाऊ नका, आत करंगळीही शिरत नाही. खांदे जोडल्यावर बाही सपाट असतानाच लावायची, मग मनगटापासून काखेतून कमरेपर्यंत एकच शिवण. पाठ पूर्ण उघडी ठेवून बारीक टिचबटणं. वेल्क्रो लोकर आणि बाहुलीचे केस दोन्ही ओढतं.

खणाची नक्षी मुळातच बारीक, बाहुलीला शोभते. पण लाल खणाला मलमलीचं अस्तर लावायला विसरले आणि बार्बीचे पाय अजून गुलाबी आहेत.

नऊवारीत हट्ट नडला. बार्बी साधारण एक षष्ठांश मापाची, म्हणून दीड वार ओढणी घेऊन खरीखुरी नेसवली. लांबी सहापट कमी झाली, कापडाची जाडी कुठे होते! निऱ्या खोचल्यावर बाई सात महिन्यांची गरोदर. शेवटी शिवलेलीच केली.

स्वेटरला 10 नंबरच्या सुयांनी गोणपाट झालं. 14 नंबरच्या, म्हणजे 2 मिलिमीटरच्या बारीक सुया आणि टू-प्लाय, म्हणजे दोनपदरी बारीक लोकर घेतली, पाठपोट मिळून 48 टाके घातले, तेव्हा कुठे अंगाला बसला. या सुयांना पाचपैकी पाच.

मशीनला दोन. ते आता भाचीकडे आहे. ती बाहुल्यांसाठी गाद्या-उशा शिवते, तिथे तीन मिलिमीटरचा टाका खपतो.