उष्णतावाहकतेची एकके आणि जीएनयू युनिट्स : एक परीक्षण

उष्णतावाहकतेचा, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज वाहते त्याचा, आकडा इम्पीरियल एककांतून मेट्रिकमध्ये आणायचा असला की बहुतेक जण एखादा तयार रूपांतरक उघडतात, दोन याद्यांमधून एकके निवडतात आणि समोर येईल तो आकडा उचलतात. जीएनयू युनिट्स हा मोफत आणि मुक्त-स्रोत प्रोग्राम तसा चालत नाही. त्यात बटणे नाहीत आणि निवडीच्या याद्याही नाहीत. कमांड लाइनवर तो आधी तुमच्याजवळ काय आहे ते विचारतो, मग काय हवे ते विचारतो, आणि दोन्ही उत्तरे तुम्हीच एकके जोडून लिहायची असतात. सुरुवातीला हे जाचक वाटते. पण या विशिष्ट कामासाठी तीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, असे माझे मत आहे.

कारण उष्णतावाहकतेचे इम्पीरियल एकक एक नाही. मेट्रिकमध्ये वॅट प्रति मीटर-केल्विन म्हटले की विषय संपतो. इम्पीरियल तक्त्यांत मात्र कुठे बीटीयू (ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णतेचे एकक) प्रति तास-फूट-फॅरनहाइट असते, तर उष्णतारोधकांच्या माहितीपत्रकांत बहुधा बीटीयू-इंच प्रति तास-चौरस फूट-फॅरनहाइट असते, ज्यात जाडी इंचात आणि क्षेत्रफळ चौरस फुटांत धरलेले असते. पहिल्याचा गुणक 1.7307 आहे आणि दुसऱ्याचा 0.14423, म्हणजे दोहोंत बरोबर बारा पटींचा फरक. तयार यादीत ही दोन नावे एकाखाली एक असतात आणि घाईत बोट भलत्यावर पडते. इथे ‘इंच’ हा शब्द स्वतः टाइप करावा लागत असल्यामुळे जाडी कशात मोजली आहे याचा विचार टाळताच येत नाही.

उदाहरण म्हणून 0.25 बीटीयू-इंच प्रति तास-चौरस फूट-फॅरनहाइट हे मूल्य घ्या आणि वॅट प्रति मीटर-केल्विन मागा. उत्तरादाखल दोन ओळी येतात: पहिलीत गुणाकाराच्या चिन्हापुढे 0.036056972 आणि दुसरीत भागाकाराच्या चिन्हापुढे त्याचाच व्यस्तांक. उलट दिशेचा गुणक वेगळा शोधावा लागत नाही, ही सोय छोटी पण रोजच्या उपयोगाची आहे. मूळ आकडा दोनच सार्थ अंकांचा असताना आठ अंक छापणे मात्र खटकते. अंकसंख्या कमी करण्याचा पर्याय आहे, पण तो न वापरणाराच तो लांबलचक आकडा अहवालात चिकटवण्याची शक्यता जास्त.

लेखनाचा एक नियम आधीच समजून घ्यावा लागतो. या प्रोग्राममध्ये गुणाकार भागाकाराच्या आधी होतो, त्यामुळे तिरक्या रेघेनंतर मोकळी जागा सोडून लिहिलेली सगळी एकके छेदात जातात. वॅट, रेघ, मीटर, केल्विन असे लिहिले की हवा तोच अर्थ निघतो आणि कंस लागत नाहीत. पण इंच चुकून शेवटी लिहिला तर तोही छेदात जातो, मिती (लांबी, वेळ, वस्तुमान अशा मूळ राशींची घडण) बदलतात आणि प्रोग्राम ‘कन्फॉर्मेबिलिटी एरर’ असा शेरा देऊन दोन्ही बाजू मूळ एककांत उलगडून दाखवतो. आकडा न देता थांबणे हा गुण तयार रूपांतरकांत सहसा नसतो.

फॅरनहाइटची बाबही नीट हाताळलेली आहे. उष्णतावाहकतेत तापमानातील फरक मोजला जातो, त्यामुळे 32 वजा करण्याचा प्रश्न येत नाही, फक्त पाच नवमांशाचा संबंध येतो; त्यासाठी ‘डेगएफ’ हे एकक आहे. प्रत्यक्ष तापमानासाठी ‘टेम्पएफ’ हे वेगळे फलन ठेवले आहे. रोधकांच्या माहितीपत्रकात दोन्हींची गरज पडते, कारण अमेरिकी मूल्ये बहुधा 75 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 23.9 अंश सेल्सिअस, या सरासरी तापमानाची असतात आणि युरोपीय मूल्ये 10 अंश सेल्सिअसची. हा भेद एकके बदलून मिटत नाही. असे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला कोणताही रूपांतरक वाचवू शकत नाही.

बीटीयूच्या व्याख्याही वेगवेगळ्या नावांनी नोंदवल्या आहेत. वरील गुणक आंतरराष्ट्रीय तक्त्यातील 1055.056 जूलच्या बीटीयूवर आधारलेले आहेत. औष्णरासायनिक बीटीयू 1054.35 जूलचा असतो. रोधकाच्या मोजमापातील अनिश्चितता याहून कितीतरी मोठी असल्याने व्यवहारात या फरकाने काही बिघडत नाही.

आर-मूल्य, म्हणजे ठरावीक जाडीच्या थराचा उष्णतेला होणारा रोध, काढण्याची सोय मला विशेष आवडली. 0.036 वॅट प्रति मीटर-केल्विनला एक इंच जाडीने भागून आर-मूल्य मागितले, तर मिती उलट्या असल्याचे ओळखून प्रोग्राम ‘रेसिप्रोकल कन्व्हर्जन’ असे सांगतो आणि सुमारे 4 हे उत्तर देतो.

उणीव आहे ती नेमकी सर्वांत धोक्याच्या ठिकाणी. इंचाचे आणि फुटाचे एकक मितीच्या दृष्टीने सारखेच असल्याने माहितीपत्रकातील शीर्षक चुकीचे वाचले गेले, तर कोणताही शेरा येत नाही. वरचेच 0.25 फुटाच्या एककात लिहिले की 0.43 हे उत्तर निमूटपणे मिळते. ज्याला रोधक पदार्थ साधारण 0.02 ते 0.05 मध्ये असतात आणि पाणी 0.6 च्या आसपास असते हे ठाऊक आहे, तो लगेच थबकेल. नवख्याला ते कळणार नाही. यावर प्रोग्राममध्येच अर्धा उपाय आहे: वापरकर्त्याच्या स्वतःच्या एकक-फाइलमध्ये दोन्ही एककांना वेगळी, न विसरण्याजोगी नावे देता येतात, एकाच्या नावात इंच आणि दुसऱ्याच्या नावात फूट ठेवून. ज्यांना हे आकडे वारंवार हाताळावे लागतात त्यांनी प्रोग्राम बसवल्याबरोबर हे करून ठेवावे.